ग्लो प्लग सारखा का जळतो?

प्रश्न : माझ्या नायट्रो आरसी ट्रकचा ग्लो प्लग पावसाळ्यात सारखा जळतो. प्लगच निकृष्ट असतात का? – एक वाचक, वसई

उत्तर : दोष बहुधा प्लगचा नसतो. बॅटरी फक्त सुरुवातीला लागते. पुढे प्लॅटिनमयुक्त तारेवर इंधनातल्या मिथेनॉलची अभिक्रिया होऊन तार तापलेली राहते. म्हणून आधी तार पाहा. ती वितळलेली असेल तर मिश्रणात इंधन कमी पडत असावे. इंधन वाढवण्यासाठी कार्ब्युरेटरची हाय-स्पीड नीडल थोडी उघडा. सुरुवातीला तार तापवणारा बॅटरीचा इग्नायटरही साधारण दीड व्होल्टचाच हवा. ‘मग पावसाळ्यातच का?’ असे तुम्ही विचाराल. मिथेनॉल हवेतली ओल शोषते आणि वसईच्या दमट हवेत उघड्या बाटलीतले इंधन लवकर बिघडते. झाकण घट्ट लावा, ताजे इंधन वापरा. मिथेनॉल विषारी आहे. बाटली मुलांपासून दूर ठेवा. एवढे सांभाळलेत, तर प्लग नक्कीच जास्त टिकतील.