आभाळ भरलेले असताना पहाटे बोडीवर चक्कर टाका

पोळा झाला, रोवणी आटोपून दिवस झाले, धानाला युरियाही पडला. आता तीन-तीन, चार-चार दिवस आभाळ भरलेले राहते, वारा पडतो, ऊन नावाला दिसते. भंडारा जिल्ह्यातल्या बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या मासळीसाठी हेच दिवस दगाफटक्याचे. उन्हाळ्यात पाणी आटताना दिसते, म्हणून आपण सावध असतो. आता तलाव सांडव्याला टेकलेला असतो, आणि इतक्या पाण्यात मासा गुदमरेल हे कोणाला पटत नाही.

पाणी कितीही असो, त्यात प्राणवायू थोडाच मावतो. ३० अंश तापमानाला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसा उन्हात पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळचा कुजणारा गाळ तो वापरतात. ढगाळ दिवसांत जमा घटते, खर्च मात्र तेवढाच राहतो, म्हणून सूर्योदयाच्या थोडे आधी शिल्लक सर्वांत कमी असते. रोहू, कतला, मृगळ यांना ५ मिलिग्रॅमच्या वर बरे वाटते. ३ च्या खाली ते खाणे टाकतात, १ च्या जवळ मरतुक सुरू होते.

त्यामुळे फेरी मारायची ती पहाटे चार-पाचला. कतला वर आलेला दिसेल, तोंड पाण्याच्या पातळीला लावून, कल्ले भराभर हलवत. तो हवा पीत नसतो. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू जरा जास्त असतो, तेवढाच तो ओढतो. पाळीवर पाय आपटला की सुरुवातीला बुडी मारून पुन्हा वर येतो. आपटूनही हलला नाही, तर हाती वेळ फार कमी आहे असे समजा. झिंगे काठच्या गवताला लटकतात, गोगलगायी काडीवर चढतात. मागूर, शिंगी आणि मरळ मात्र एरवीही वर येऊन हवा घेतात, त्यांना त्यासाठी वेगळे अवयव आहेत. त्यांना वर पाहून घाबरू नका, आणि ते मजेत आहेत म्हणून कतलाही मजेत आहे असे समजू नका.

समुद्रातही अशी प्राणवायूची टंचाई होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते मोजले आहे. तिथला मासा निदान दुसरीकडे सरकू शकतो. बोडीतला जाणार कुठे?

सकाळी मासे तरंगले की गावात पहिला शब्द निघतो तो ‘विष कालवले’. मग भाऊबंदकी, मागचे भांडण, पोलीस ठाणे. आरोप करण्याआधी मेलेली मासळी नीट पाहा. गुदमरून मेलेल्यांत मोठे मासे आधी जातात, तोंड उघडे, कल्ले फाकलेले. मरतुक रात्री किंवा पहाटे झालेली असते, आणि कित्येकदा हिरवे पाणी एकाएकी तपकिरी पडलेले असते. कीटकनाशकाने बारीक-मोठे एकदमच मरतात, भर दुपारीही मरतात, मरण्याआधी वेडेवाकडे पळतात. धानावर तुडतुड्यांची फवारणी करून बांध्यांतले पाणी बोडीत उतरू दिले असेल, तर ही शंका खरी धरायला हवी.

उपाय सोपे आहेत, पण वेळेवर हवेत. आभाळ भरले की शेण, युरिया आणि खाद्य तिन्ही बंद. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसत नसेल तर पाणी आधीच फार हिरवे आहे. ते शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका, मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. लाल औषधाने (पोटॅशियम परमँगनेटने) प्राणवायू वाढतो हा समज जुना आहे, पण त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत. खरा उपाय पंप. बोडीतलेच वरचे पाणी उचलून उंचावरून टिनाच्या पत्र्यावर आपटू द्या, म्हणजे थेंब हवेत फुटतील. बोअरच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो, तेही असेच आपटूनच सोडा. या आठवड्यात आपल्या फिडरला वीज दिवसा आहे की रात्री, हे आधी पाहा. रात्री नसेल तर डिझेल इंजिन संध्याकाळीच काठावर आणून ठेवा. काहीच नसेल तर डोंग्यात बसून बांबूने पाणी झोडपा, थोडा वेळ निभावते.

शिंगाड्याच्या तलावात पानांनी पाणी झाकले गेले की खाली ऊनही पोचत नाही आणि वाराही. शिंगाडा लावणाऱ्या आणि मासळी सोडणाऱ्या ढीवर बांधवांनी मिळून मध्ये मोकळे पट्टे ठेवावेत. बेशरम आणि जलपर्णी मात्र मुळासकट काढून पाळीबाहेर टाका. तोडून पाण्यातच सोडली तर ती कुजून वेगळेच संकट उभे राहते. वैनगंगाकाठच्या मच्छीमार संस्थांना जलपर्णीचा हा त्रास सांगायला नको. नागपूरचे सांडपाणी नाग नदी, कन्हान असे करत त्यांच्याच पाण्यात येते आणि त्यावर ती फोफावते.

मरतुक झालीच, तर फोटो काढून मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि संस्थेच्या सचिवाला त्याच सकाळी कळवा. विषाची शंका असेल तर स्वच्छ बाटलीत ते पाणी भरून थंड जागी ठेवा. मेलेली मासळी त्याच दिवशी बाहेर काढून चुना टाकून पुरा. नवी बोटुकली सोडायची ती सलग काही दिवस ऊन पडून पहाटेही मासे वर येईनासे झाल्यावरच.