छपरावरची नदी

पॅसिफिक महासागराच्या अफाट विस्तारात, हवाई बेटे आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर, तुवालू नावाचा एक चिमुकला देश आहे. नऊ लहान बेटांच्या या देशाची सारी भूमी एकत्र केली, तरी ती अवघी २६ चौरस किलोमीटर भरते. ‘तुवालू’ या शब्दाचा अर्थ ‘एकत्र उभी असलेली आठ’ असा आहे. नऊ बेटांपैकी आठ बेटांवर पूर्वापार वस्ती होती, त्यावरून हे नाव पडले. १ ऑक्टोबर १९७८ रोजी हा देश ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला. येथील लोकसंख्या सुमारे दहा-अकरा हजार असून तिच्यापैकी निम्म्याहून अधिक माणसे राजधानीच्या फुनाफुती या बेटावर राहतात.

फुनाफुतीचा मुख्य भाग फोंगाफाले या नावाने ओळखला जातो. तो म्हणजे लांबच लांब पसरलेली भूमीची एक अरुंद पट्टी होय. काही ठिकाणी ती इतकी निमुळती आहे की, रस्त्यावर उभे राहिले असता एका बाजूस महासागराच्या लाटा व दुसऱ्या बाजूस खाजणाचे शांत निळे पाणी एकाच वेळी दिसते. कोकणातील मुलाला येथील झाडे परकी वाटणार नाहीत. माड येथे आहेत, निरफणस आहेत आणि केवड्याची बनेही आहेत. परंतु कोकणात असलेली एक गोष्ट मात्र येथे शोधूनही सापडणार नाही. येथे नदी नाही, ओढा नाही, झरा नाही. जेथे बांध घालून पाणी अडवावे असा डोंगर वा दरीही नाही. सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरदेखील उंच नाही.

असे का असावे? याचे उत्तर या बेटांच्या जन्मात आहे. ही बेटे पोवळ्यांची आहेत. ज्वालामुखीचे बेट हळूहळू समुद्रात खचत जाते आणि त्याच्या काठाने पोवळ्यांचे थर वरवर वाढत राहतात, असे मत चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने मांडले होते. ते पडताळून पाहण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुतीवर पथके पाठवून भूमीत खोल छिद्र पाडले. सुमारे ३४० मीटर खोल जाऊनही पोवळ्यांच्या खडकाचा अंत लागला नाही. हा खडक सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला पाऊस वाहून न जाता तत्काळ खाली झिरपतो. मग नदी वाहावी कोठून?

खाली झिरपलेले पाणी सर्वस्वी नाहीसे होते असे मात्र नव्हे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून ते भूमीच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. मध्ये जाड व कडांना पातळ असा भिंगाच्या आकाराचा हा थर असतो. येथील पूर्वजांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. त्यांनी त्या थरापर्यंत मोठे खड्डे खणले आणि त्यांत ‘पुलाका’ नावाचे, अळूच्या कुळातील एक कंद देणारे पीक पिकविले. परंतु हा थर फार नाजूक आहे. पाण्याचा अधिक उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. शिवाय वस्ती दाट झाली की शौचकूपांतील घाण त्यात उतरते. फोंगाफाले येथे असेच घडले. तेथील भूमीतील पाणी आता पिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही.

अशा स्थितीत माणसाने जगावे कशावर? तुवालूच्या लोकांनी आपली दृष्टी आकाशाकडे वळविली. फुनाफुतीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कोकणाप्रमाणेच हा भरपूर पाऊस होय. तो वर्षभर पडतो, परंतु नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याचा जोर अधिक असतो. घराचे छप्पर पत्र्याचे, छपराच्या कडेला पन्हळ, पन्हळीला जोडलेली नळी आणि नळीच्या तोंडाशी टाकी, अशी येथील घराची रचना असते. प्रत्येक कुटुंबाची नदी त्याच्या छपरावर उगम पावते आणि चार पावलांवर असलेल्या टाकीत विसावते.

या नदीचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. छप्पर ६० चौरस मीटरांचे असेल आणि एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर १,५०० लिटर पाणी हाती येते. परंतु पन्हळ छपराच्या एकाच बाजूस असेल, तर त्यातील निम्मे पाणी वाळूत जिरते. पन्हळ गंजून तिला भोक पडले असेल, तर ते उरलेले पाणीही टाकीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मोठी टाकी विकत आणली म्हणजे काम संपले असे होत नाही. पन्हळीतील पाने काढणे, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटणे, टाकीच्या तोंडावर बारीक जाळी बसविणे ही कामे नित्य करावी लागतात. जाळी नसेल तर डास आत अंडी घालतात आणि रोग पसरतात. पुष्कळ दिवसांनी पाऊस आला, तर पहिल्या सरीचे पाणी टाकीत घेत नाहीत. त्या पाण्याबरोबर छपरावरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. छप्पर एकदा धुऊन निघाले म्हणजे मग नळी टाकीकडे वळवितात. पिण्याचे पाणी उकळून घेणे हे त्याहूनही हिताचे.

पाणी मिळविण्याइतकेच ते पुरविणेही महत्त्वाचे असते. समजा, एका घरी १०,००० लिटरची टाकी तुडुंब भरलेली आहे आणि घरात सहा माणसे आहेत. प्रत्येकाने दिवसाला ५० लिटर पाणी वापरले, तर टाकी ३३ दिवसांत रिकामी होईल. प्रत्येकाने २० लिटरांत भागविले, तर तीच टाकी ८३ दिवस पुरेल. पाऊस दोन महिने आला नाही, तर पहिल्या घरावर शेजाऱ्यांपुढे भांडे घेऊन जाण्याची पाळी येईल, परंतु दुसऱ्या घरातील चूल पेटती राहील. टाकी तीच, पाऊस तोच. फरक पडला तो हाताच्या सवयीने.

म्हणून जाणत्या घरांत पाण्याची प्रत लावलेली असते. टाकीतील पावसाचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून ठेवावयाचे. धुण्याभांड्यांस मचूळ पाणी चालत असेल तर ते घ्यावयाचे. भाजी धुतलेले पाणी रोपांना घालावयाचे. शौचालयासाठी कित्येक बादल्या पाणी खर्ची पडते, हे ध्यानात घेऊन पाण्यावाचून चालणारी शौचालयेही तेथे बांधण्यात आली आहेत. त्यांत सुकी पाने टाकतात आणि कालांतराने त्याचे सोनखत होते. टाकी बाहेरून बोटांनी वाजवून पाहिली, तर पाणी कोठवर आहे ते आवाजावरून कळते. भरलेला भाग बद्द वाजतो आणि रिकामा भाग पोकळ वाजतो. तो पोकळ आवाज खाली खाली सरकू लागला की घरातील शहाणी माणसे सावध होतात.

इतकी दक्षता घेऊनही एखादे वर्ष कसोटी पाहणारे उजाडते. २०११ साल असे होते. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी विषुववृत्तालगतचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा थंड होते. या घटनेला ‘ला निना’ असे म्हणतात. अशा वेळी पावसाचे ढग पश्चिमेकडे सरकतात आणि तुवालूचे आकाश कोरडे राहते. त्या वर्षी महिन्यामागून महिने गेले, तरी पुरेसा पाऊस झाला नाही. टाक्यांचे तळ दिसू लागले. पुलाकाची पाने कोमेजली, माडही सुकू लागले. अखेर २८ सप्टेंबर २०११ रोजी सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. फुनाफुतीवर प्रत्येक घराला दिवसाकाठी ४० लिटर पाणी ठरवून देण्यात आले.

चाळीस लिटर म्हणजे दोन मोठ्या बादल्या. घरात सहा माणसे असतील, तर माणशी सात लिटरही पाणी येत नाही. तेवढ्यात प्यावयाचे, शिजवावयाचे, भांडी विसळावयाची आणि आजाऱ्याचे व तान्ह्या मुलाचेही करावयाचे. पाण्याच्या वाटपाच्या जागी माणसे बादल्या घेऊन रांगेत उभी राहत. दाराशी अथांग सागर पसरलेला आणि हातात दोन बादल्या, असे ते दृश्य होते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ असे मराठीत म्हणतात. तुवालूत तर साक्षात समुद्रच उशाला होता.

या संकटात शेजारी राष्ट्रे धावून आली. न्यूझीलंडच्या विमानातून खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे आली, ऑस्ट्रेलियानेही साहाय्य केले. या यंत्रात समुद्राचे पाणी मोठ्या दाबाने एका अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. हा उपाय गुणकारी आहे, परंतु स्वस्त नाही. यंत्र चालविण्यास पुष्कळ वीज लागते, आणि विजेसाठी बराचसा इंधनाचा साठा जहाजाने दूरवरून आणावा लागतो. यंत्राचा एखादा भाग बिघडला, तर नवा भाग येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून यंत्र हा अडीअडचणीचा सोबती होय. रोजचा आधार छपराचा व टाकीचाच.

आणखी एक गोष्ट या दुष्काळाने स्पष्ट केली. सर्वांची छपरे सारखी नसतात. कोणाचे घर मोठे, कोणाचे लहान. कोणाची टाकी भक्कम, तर कोणाच्या टाकीला तडा गेलेला. प्रत्येकाने आपल्यापुरतेच पाहिले, तर ज्याचे छप्पर लहान त्याने तहानलेलेच राहावे काय? यासाठी सभागृहे, प्रार्थनामंदिरे आणि सरकारी इमारती यांच्या विस्तीर्ण छपरांवरील पाणी सार्वजनिक टाक्यांत साठवितात. ते पाणी गावाचे असते. कठीण काळात त्याचे मोजून वाटप होते. त्या वाटपात कोणी दोन बादल्यांऐवजी तीन नेल्या, तर तिसरी बादली शेजाऱ्याच्या मुलाच्या तोंडची असते.

तुवालूपुढील अडचणी सरल्या आहेत असे मात्र नाही. समुद्राची पातळी वाढत आहे. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ या चक्रीवादळाच्या वेळी उसळलेल्या लाटा काही बेटांवर आत शिरल्या आणि खाऱ्या पाण्याने पुलाकाच्या खड्ड्यांची हानी झाली. भूमीतील गोडे पाणी असे धोक्यात येत असताना छपरावरील पाण्याचे मोल अधिकच वाढते.

‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही मराठीतील म्हण आळशी माणसाला उद्देशून आहे. इतर ठिकाणी तशा माणसाला उशिरा का होईना, पाणी लागण्याची आशा तरी असते. फोंगाफाले येथे तहान लागल्यावर कितीही खणले, तरी पिण्याजोगे पाणी हाती लागणार नाही. तेथे पाण्याची सोय पाऊस पडत असतानाच करावी लागते. टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि छपरावर सरी कोसळत आहेत, अशा वेळीही तुवालूतील जाणती गृहिणी पेला अर्धाच भरते. तिला पुढचे कोरडे दिवस आजच दिसत असतात.

शब्दार्थ

खाजण : समुद्रकाठचा उथळ पाण्याचा भाग
सच्छिद्र : बारीक छिद्रे असलेला
पन्हळ : छपरावरील पाणी वाहून नेणारी नळी
मचूळ : किंचित खारट, बेचव
प्रत लावणे : गुणांप्रमाणे वर्गवारी करणे
सोनखत : मैल्यापासून तयार होणारे खत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) ‘तुवालू’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) फुनाफुतीवर १८९६ ते १८९८ या काळात खोल छिद्र कशासाठी पाडले?
(इ) पहिल्या सरीचे पाणी टाकीत का घेत नाहीत?

२. कारणे द्या :
(अ) तुवालूत नद्या नाहीत.
(आ) गोडे पाणी करणाऱ्या यंत्रावर रोज विसंबून राहता येत नाही.

३. ‘तिसरी बादली शेजाऱ्याच्या मुलाच्या तोंडची असते.’ या वाक्याचा भाव स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : धरण उशाला आणि कोरड घशाला, तहान लागल्यावर विहीर खणणे.

५. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी मिळेल ते काढा. ते पाणी आपल्या घरी किती दिवस पुरेल?