खडखड आली म्हणजे शॉकअप गेले असे नाही

प्रश्न : धामणकर नाका, भिवंडी येथील खड्ड्यांतून जाताना कारच्या पुढच्या बाजूने खडखड येते. मेकॅनिकने चारही शॉकअप बदलायला सांगितले आहेत. हे निदान कसे पडताळावे?

उत्तर : शॉकअपचे काम स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याचे असते. तो निकामी झाल्यास आवाजापेक्षा गाडीचे डोलणे आधी जाणवते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी 1-2 हेलकाव्यांत स्थिरावली नाही, किंवा शॉकअपवरून तेल ओघळत असेल, तर संशय रास्त ठरतो. नुसता तेलकट ओलसरपणा हा बिघाड नव्हे.

बारीक खड्ड्यांवरची खडखड बहुधा लिंक रॉडची असते आणि हा भाग शॉकअपपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. ब्रेक दाबताच एकदा ‘टक’ झाले, तर लोअर आर्मचे बुश तपासावे. जागेवर स्टीअरिंग फिरवताना कटकट होत असल्यास स्ट्रट माउंट पाहावे. बॉल जॉइंटकडे मात्र दुर्लक्ष नको. त्याचे रबरी आवरण फाटले की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरते आणि पूर्ण झिजलेला जॉइंट निखळून चाकच कोलमडू शकते.

गाडी उचलून, पहारीने प्रत्येक सांधा हलवून ढिलाई डोळ्यांसमोर दाखवायला सांगणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. त्याआधी मेकॅनिकला सोबत बसवून त्याच रस्त्यावर फेरी मारावी. शॉकअप खरोखर गेला असल्यास त्याच बाजूची, पुढची किंवा मागची, जोडी बदलतात. चारही एकदम बदलण्यासाठी पुढे आणि मागे दोन्हीकडे दोष दिसायला हवा. जुने भाग परत मागावेत आणि कामानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.