अपघातानंतरची भरपाई : घाईची रक्कम की हक्काचा दावा?

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग नागपूर, भंडाऱ्यावरून रायपूरला जातो. समजा, गोंदियाच्या एखाद्या सुतारास रायपूरनजीक मोटारीने धडक दिली व त्याचा डावा हात कापावा लागला. त्याच्यापुढे कोणते पर्याय असतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मात्र रकमेस कमाल मर्यादा नाही. विमा कंपनीशी तडजोड करून पहिल्या कलमाची रक्कम स्वीकारल्यास दुसऱ्याखालील दावा संपुष्टात येतो.

म्हणून आधी हिशेब करावा. अपंगत्वाची टक्केवारी व कमाईच्या क्षमतेतील घट या भिन्न बाबी होत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात स्पष्ट केले. हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते; सुताराची कमाई मात्र जवळजवळ पूर्ण बुडते.

दावा रायपूरलाच करावा असे नाही. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. वाहन अज्ञात राहिल्यास गंभीर जखमीस ५० हजार रुपयांची स्वतंत्र तरतूद आहे.

प्रथम माहिती अहवाल, उपचारांची बिले, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा जपून ठेवावा. श्रमिकाच्या बाबतीत यातील शेवटचा कागदच बहुधा नसतो; भरपाईही तेथेच घटते.