मर म्हणजे झाड



या महिन्याच्या भित्तिपत्रकात हस्तकलेचा पाठ लिहायची पाळी इयत्ता चौथीची आहे. बाईंनी ते काम मला दिले. माझी चित्रकला काही चांगली नाही. माझी गाय बकरीसारखी दिसते. तरी मलाच का दिले, ते पुढे वाचा म्हणजे कळेल.

आमच्या वर्गात आम्ही वीस मुले. त्यात दोन भाग होते. बंदरावरची मुले खिडकीकडे बसायची आणि वरच्या वाडीतली मुले दाराकडे. आम्ही बंदरावरचे त्यांना म्हणायचो, "तुम्हाला पोहता येत नाय." ते आम्हाला म्हणायचे, "तुमच्या दप्तराला मासळीचा वास येतो." मग रोज भांडण. बाई रोज मिटवायच्या, ते दुसऱ्या दिवशी परत सुरू व्हायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे काढतात. ते लोक विजापूरकडचे. तिला मराठी येत नव्हते. ती खिडकीकडेही बसली नाही आणि दाराकडेही नाही. मधेच एकटी बसली.

एके दिवशी चित्रकलेच्या तासाला तिने छान झाड काढले. मी वाकून बघत होतो. तिने माझ्याकडे बघितले, चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाली, "मर."

मला फार राग आला. मी तिला काही केले नव्हते आणि ही मला मर म्हणते! मी तिची पाटी ओढली आणि सगळे झाड हाताने पुसून टाकले. ती रडली नाही. नुसती पाटीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

घरी आजीने विचारले, "तिनं काय केलान् रे तुला?" मी सांगितले, "मला मर म्हणाली." आजी म्हणाली, "उगाच कोण कोणाला मर म्हणेल? चल, विचारू."

शाळा सुटल्यावर बाई, आजी आणि मी खाणीवर गेलो. तिच्या वडिलांना थोडे मराठी येते. बाईंनी विचारल्यावर ते आधी घाबरले, मग हसले. म्हणाले, "बाई, आमच्या कानडीत मर म्हणजे झाड."

मला जमिनीत जावेसे वाटले. तिने मला शिवी दिलीच नव्हती. ती मला तिचा शब्द शिकवत होती, आणि मी तिचे झाड पुसले. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "पुसलेले झाड परत काढायला किती दिवस लागतात ते आता बघू."

आठ दिवस लागले. ते आम्ही कसे केले तो पाठ आता सांगतो. तुमच्या वर्गातही करता येईल.

पहिला भाग : जाळ्याचा खेळ

बाई म्हणाल्या, झाड काढायच्या आधी वर्ग एक व्हायला पाहिजे.

साहित्य : जाळ्याच्या जुन्या सुताचा एक गुंडा. आमच्या घरी जाळी विणतात, तिथून मी आणला.

कृती : सगळ्यांनी गोल बसावे. पहिल्याने सुताचे टोक बोटाला धरावे, आपले नाव सांगावे आणि आपल्याला काय चांगले येते ते सांगावे. मग गुंडा समोरच्या कोणाकडेही टाकावा. शेजारच्याकडे टाकायचा नाही. ज्याच्याकडे आला त्याने सूत धरून तेच करावे. शेवटी मधे मोठे जाळे होते.

कोणी म्हणाले मला पोहता येते, कोणी म्हणाले मला आंब्याच्या झाडावर चढता येते. वरच्या वाडीतल्या एका मुलाला बैलगाडी हाकता येते, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हते. मासळी उतरवायला गाड्या पाण्यात जातात, त्या तो आता रोज बघायला येतो. नव्या मुलीकडे गुंडा गेला तेव्हा ती काही बोलली नाही. तिने बोटाने हवेत चित्र काढले. सगळ्यांना समजले.

मग बाई म्हणाल्या, "आता एकाने सूत सोडा." एकाने सोडले तर सगळे जाळे ढिले पडले. बंदरावरच्या मुलांना हे सांगावे लागत नाही. जाळ्याला एक भोक पडले तरी मासळी तिथूनच जाते.

दुसरा भाग : रंग तयार करणे

विकतचे रंग थोडे होते, म्हणून आम्ही घरचे रंग केले.

पिवळा : हळद पाण्यात कालवावी.

तांबडा : हळदीच्या पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाकावी. हळद लगेच तांबूस होते. त्यात लिंबू पिळले की परत पिवळी होते. ही जादू नाही. सोडा हा अल्कली आहे आणि लिंबू आम्ल आहे. हळद दोघांना वेगळा रंग दाखवते.

विटकरी : जांभ्याची माती वस्त्रगाळ करून पाण्यात कालवावी. ही माती त्या मुलीच्या वडिलांनी खाणीवरून दिली. जांभ्यात लोखंडाचा अंश असतो. लोखंड गंजले की तांबडे होते, तसाच तो तांबडा रंग.

जांभळा : जास्वंदीची पाकळी कागदावर घासावी. वर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी होते.

काळा : कोळसा कुटून घ्यावा.

हिरवा : हळदीत कपड्यांची नीळ मिसळावी.

सूचना : हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नये. मातीचा रंग उडत नाही. रंगाचा हात तोंडात घालू नये, काम झाल्यावर साबणाने धुवावा.

खळ : एक वाटी गव्हाचे पीठ चार वाट्या पाण्यात गुठळी न होता कालवावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. हे मोठ्या माणसांकडून करून घ्यावे. आमची खळ आजीने केली. रंगात थोडी खळ घातली की रंग कागदाला नीट धरतो. खळ दोन दिवसांनी आंबते, म्हणून रोज थोडी करावी.

तिसरा भाग : वर्गाचे झाड

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे, खळ, वरचे रंग, भेंड्या, वाळू, रिकामे शिंपले, सर्वांचे हात.

कृती :

१) वर्तमानपत्रे एकाला एक चिकटवून मोठा कागद करावा. आमचा कागद फळ्याएवढा झाला. त्यावर जुन्या वह्यांचे कोरे कागद चिकटवावे.

२) झाडाचे खोड एकानेच काढावे. आमचे खोड नव्या मुलीने काढले. मी खडू तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितले, मग काढले.

३) खोडावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे चिकटवून वर विटकरी रंग द्यावा. कागद कात्रीने कापू नये, फाडावा. फाडलेली कड खऱ्या सालीसारखी दिसते.

४) प्रत्येकाने तळहाताला रंग लावून फांदीवर ठसा उमटवावा. तेच पान. बोटे पसरून हात सरळ खाली दाबावा आणि सरळ वर उचलावा. सरकवला तर डाग पडतो. माझ्या पानाला सहा बोटे दिसतात, कारण माझा हात सरकला.

५) भेंडी आडवी कापून रंगात बुडवून ठसा मारावा. पाच पाकळ्यांचे फूल होते.

६) खाली खळ लावून त्यावर वाळू पसरावी. वाळू आधी गोड्या पाण्याने धुवून वाळवावी, नाहीतर मिठामुळे पावसात ओल धरते. शिंपले रिकामेच घ्यावे, आत जीव असेल तर परत पाण्यात सोडावा.

७) मुळांवर प्रत्येकाने आपल्या वाडीचे किंवा गावाचे नाव लिहावे.

आम्ही मागे समुद्रात सुवर्णदुर्ग काढला आणि होड्या काढल्या. होड्यांना माशांची खवले धुवून वाळवून लावली. ती उन्हात चकचकतात. पण नीट धुतली नव्हती. दुसऱ्या दिवशी बघतो तर मांजर बाकावर चढून आमची होडी चाटत होते. म्हणून खवले साबणाने दोनदा धुवावी.

पाने लावताना बाईंनी एक नियम केला. आपल्या पानाशेजारी आपल्या बाजूच्या मुलाचे पान नको. त्यामुळे बंदर आणि वाडी सगळ्या झाडावर मिसळली. आता कुठले पान कोणाचे ते पटकन ओळखता येत नाही.

खोडावर तिने तिच्या लिपीत "मर" लिहिले. कानडी अक्षरे जिलबीसारखी गोल असतात. त्याखाली मी मराठीत "झाड" लिहिले.

बाईंनी सांगितलेली माहिती

समुद्राकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. ते आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. महागडी खेळणी न आणता शंख, शिंपले, बिया, पाने यांनी त्या मुलांना शिकवत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले.

पुढे त्यांनी कोसबाडला वारली मुलांत काम केले. वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. त्यात माणसे हातात हात गुंफून तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचतात. जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकारांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजी जन्मले. एका प्रांताच्या लोकांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि कला शिकावी, असे त्यांना वाटे. त्याला ते आंतरभारती म्हणत. बाई म्हणाल्या, "तुमची आंतरभारती चौथीच्या वर्गात आहे."

आम्ही शिकलेले शब्द

मर – झाड
एले – पान
हूवु – फूल
बेरु – मूळ
कै – हात
मने – घर
नीरु – पाणी
मीनु – मासा

यातले नीरु आणि मीनु सोपे आहेत. मराठीत नीर म्हणजे पाणी आणि मीन म्हणजे मासा, हे बाईंनी दाखवले. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द तर त्यांच्याकडेही आहेत आणि आपल्याकडेही. आजीला ते अज्जी म्हणतात. म्हणजे शब्द आधीपासून एकमेकांना ओळखत होते. आम्हीच ओळखत नव्हतो.

तिला आता पुष्कळ मराठी येते. भांडताही येते. मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "तू मर." मी विचारले, "कानडीत की मराठीत?" ती म्हणाली, "मराठीत." मग दोघेही हसलो. मी तिची चिंच खाल्ली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी चिरेखाण बंद होते आणि खाणीवरची माणसे गावाला जातात. तेव्हा तीही जाईल. परत याच शाळेत येईल की दुसऱ्या खाणीवर जाईल, ते तिच्या वडिलांनाही माहीत नाही. मी तिला वहीत एक झाड काढून दिले आहे. चांगले नाही आले, तरी तिने ठेवले. तिचे पान वर्गाच्या झाडावर आहे, सर्वांत वरच्या फांदीवर. ते पुसायचे नाही, असे सगळ्यांनी ठरवले आहे.

झाडाची एक फांदी आम्ही रिकामी ठेवली आहे. पुढच्या वर्षी वर्गात नवे कोणी आले तर त्याच्या हातासाठी. तुम्हीही एक फांदी रिकामी ठेवा.

स्वाध्याय

१) तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून आलेले कोणी आहे का? त्याच्याकडे झाडाला काय म्हणतात ते विचारा.

२) हळद, सोडा आणि लिंबू यांचा प्रयोग करून बघा व वहीत लिहा.

३) तुम्ही कधी कोणाचे काही पुसले आहे का? असेल तर परत काढून द्या. आठ दिवस लागले तरी चालेल.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी, हर्णे