शालेय अभिलेखांची संगणकावरील राखण

उद्देश : संगणकावरील माहितीस धोका बहुधा सदोष व्यवस्थेमुळे उद्भवतो, हे शिक्षकांच्या ध्यानी यावे व शाळेत त्याप्रमाणे तजवीज व्हावी.

प्रास्ताविक
जनरल रजिस्टर प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. ते कपाटात राहते आणि किल्ली मुख्याध्यापकांजवळ असते. विद्यार्थ्याची जन्मतारीख त्यात एकदा नोंदली, की वरिष्ठांच्या लेखी मंजुरीवाचून ती बदलता येत नाही. नोंद करणारा एक आणि पडताळणारा दुसरा, ही त्यातील मुख्य योजना होय. आज तीच माहिती यू-डायस प्लससारख्या शासकीय प्रणालीवर भरली जाते. तेथे किल्ली कोणाकडे व पडताळणी कोणाची, हे प्रश्न नव्याने विचारावे लागतात.

एक बोधप्रद उदाहरण
पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली जुनी संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या बनावट कार्डांवर २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांतच सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही सुमारे अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले.

हे घडले कसे? एटीएम यंत्र स्वतः निर्णय करीत नाही. ते 'स्विच' नावाच्या मधल्या संगणकामार्फत बँकेच्या मुख्य संगणकास विचारते : खात्यात रक्कम आहे काय? होकार आला की पैसे बाहेर पडतात. चोरट्यांनी मालवेअर, म्हणजे घातक आज्ञावली, आत सोडून खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोहोचेना. वाटेतच होकार मिळू लागला. पेढीच्या दारात तोतया मुनीम बसावा आणि धन्यास न विचारता त्याने पैसे मोजून द्यावेत, तसाच हा प्रकार. होकार खराच मुख्य संगणकाचा आहे काय, हे त्या वेळी वेगळ्या वाटेने पडताळले गेले नाही. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले.

दुरुस्तीकडील दुर्लक्षही असेच महाग पडते. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या एका विषाणूमुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या विषाणूच्या प्रसाराची एक वाट बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती.

शाळेशी संबंध
समजा, जवळा बाजार येथील एका शिक्षकाने बाजारपेठेतील संगणक केंद्रावर शाळेची माहिती भरली. 'पासवर्ड जतन करावा काय?' या प्रश्नास घाईत होकार दिला आणि लॉग-आउट न करताच तो परतला. त्यानंतर त्या यंत्रावर बसणाऱ्या कोणासही शाळेचे कपाट उघडेच आहे. मुलांची जन्मतारीख व आधार क्रमांक त्यात आहेत. उद्या एखाद्या मुलीची जन्मतारीख बदलली गेली, तर दाखला, शिष्यवृत्ती व पुढील प्रवेश या सर्वांत तिलाच अडचण सोसावी लागेल. चूक तिची नसेल.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी
१. पासवर्ड भिंतीवर, वहीच्या मुखपृष्ठावर वा व्हॉट्सॲप गटावर लिहू नये.
२. मुख्याध्यापकांची बदली होताच, कपाटाची किल्ली सोपविताना पासवर्डही बदलावा.
३. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. विचारणारा अधिकारी म्हणवीत असला तरीही.
४. परक्या संगणकावर पासवर्ड जतन करू नये. काम संपताच लॉग-आउट करावे.
५. शाळेच्या संगणकास मिळणाऱ्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात.
६. भरलेली माहिती दुसऱ्या शिक्षकाने जनरल रजिस्टराशी ताडून पाहावी.

केंद्र बैठकीत चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या शाळेचा पासवर्ड आज किती जणांस ठाऊक आहे? त्यांपैकी किती जणांस तो असणे आवश्यक आहे?
२. एखादी नोंद चुकीची बदलली गेली, तर ती आपल्या शाळेत कोणाच्या व किती दिवसांत ध्यानी येईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेस देता येणार नाही, तिने सहाव्या सूचनेपासून आरंभ करावा.