राखणीचा मान



उत्पत्तीच्या पुस्तकात (2:15) देव मानवाला एदेन बागेत ठेवतो तेव्हा त्याच्यावर दोन कामे सोपवतो : बागेची मशागत आणि बागेची राखण. मशागत आपल्याला लगेच कळते, कारण तिच्यातून पोट भरते. राखणीचे तसे नाही. राखण हे सरकारचे, शिकलेल्यांचे किंवा पोट भरलेल्यांचे काम आहे असा आपला समज असतो. गरिबाच्या मुलाने आधी स्वतःचे पाहावे, पशुपक्ष्यांचे नंतर, असे आपण सहज बोलून जातो. आजच्या पाठात हा समज तपासून पाहू. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या गोंदिया जिल्ह्यातच दोन धडे आहेत.

पहिला धडा : कचारगड

सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ धनेगाव आहे. तेथून डोंगर चढून गेले की कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा लागते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव मोठ्या संख्येने तेथे येतात. त्यांची परंपरा सांगते की, कली कंकाली मातेची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली. पुढे लिंगोने त्यांना कोया पुनेमची शिकवण दिली आणि कुळांची व्यवस्था लावली. प्रत्येक कुळाकडे काही प्राणी, पक्षी व झाडे राखण्यासाठी सोपवली, असे जाणकार सांगतात. आपल्या कुळाच्या प्राण्याला मारायचे नाही आणि आपल्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा नेम त्यातूनच आला.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट केले. त्या आदराने आपण या कथेकडे पाहू. कोंडलेल्या मुलांना बाहेर काढल्यावर गोष्ट संपत नाही. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्याच हाती सृष्टी सोपवली जाते. सुटका झाली आणि त्यापाठोपाठ जबाबदारीही मिळाली. इस्राएल लोकांनाही मिसरच्या दास्यातून सोडवल्यावर देवाने नियमशास्त्र दिले, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा धडा : सारस

कचारगडचा डोंगर उतरून गोंदियाकडे निघालो की धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव दिसू लागतात. जिल्ह्याच्या या सखल भागात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या परिसरात सारस राहतो. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस साधारण माणसाच्या उंचीला येतो. नर-मादीची जोडी बहुधा जन्मभर टिकते. पावसाळ्यात, म्हणजे आपली रोवणी चालू असते त्याच दिवसांत, ही जोडी पाणथळीत किंवा थेट बांधीत गवत-काड्यांचा ढीग रचून घरटे करते. अंडी बहुधा दोनच असतात आणि महिनाभर उबवावी लागतात. एक अंडे फुटले तर त्या वर्षाची निम्मी आशा गेली.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. भंडाऱ्यात आणि चंद्रपुरात तो मोजकाच दिसतो. अलीकडच्या गणनांत गोंदियातील सारसांची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. शेतातील विषारी औषधे, विजेच्या तारा आणि बुजत चाललेल्या पाणथळी ही त्याची मोठी कारणे आहेत. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

परंतु न्यायालय बांधीत उभे राहून घरटे राखू शकत नाही. ते काम कोणाचे? गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था अनेक वर्षे गावातील तरुणांना आणि शेतकऱ्यांना ‘सारस मित्र’ म्हणून सोबत घेत आली आहे. घरटे कोठे आहे ते शोधायचे, शेतमालकाला समजवायचे, पिल्ले उडेपर्यंत लक्ष ठेवायचे. उन्हाळ्याच्या शेवटी वनविभागासोबत गणना होते, तेव्हा पहाटे आपापल्या तलावावर हजर राहायचे. यासाठी मोठी पदवी लागत नाही. कोणत्या तलावावर जोडी रात्री उतरते, हे गुरे राखणाऱ्या मुलाला आणि जाळे टाकणाऱ्या धिवराच्या पोराला आधीच ठाऊक असते. आजवर त्याच्या या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नव्हते, एवढेच.

आधी माणूस की आधी पक्षी?

ज्या घरातला मुलगा रोवणी आटोपताच नागपूर-हैदराबादकडे मजुरीला जातो, त्याला पक्ष्याची चिंता कशी सांगावी? ही शंका रास्त आहे. उपाशी माणसाला केवळ उपदेश करणे हे पाप आहे. परंतु पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात दाखवून दिले की, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत. तलाव बुजला तर सारस जातो आणि धिवराची मासोळीही जाते. जे औषध सारसाला मारते तेच फवारणाऱ्या मजुराच्या अंगात भिनते.

म्हणून न्यायही पाहिला पाहिजे. गरीब तरुणाला फुकटचा पहारेकरी करणे म्हणजे राखण नव्हे. त्याच्या दिवसाचा मोबदला, घरटे सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान आणि त्याचा शब्द ऐकला जाणे, या तीन गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने हक्कधारकांना आणि ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. कायदा त्यांना हक्काचे राखणदार मानतो. आपण मात्र अजून त्यांना मदत घेणारे समजतो.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण येथे उपयोगी पडते. देवाचे चांगुलपण एकाच जिवात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले, असे ते म्हणतात. मग सारस नाहीसा झाला तर देवाविषयी आपल्याला सांगणारा एक आवाज कायमचा बंद होईल. आणि त्या तरुणाची बुद्धी वाया गेली तर दुसराही.

आपण काय करावे?

1. आपल्या युवक गटाने पावसाळ्यापूर्वी सारस मित्रांकडून माहिती घ्यावी. घरट्याजवळ गर्दी करू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये.
2. ज्यांची शेती आहे त्यांनी पाणथळीलगतच्या बांधीत औषध टाळावे आणि घरटे दिसल्यास वनविभागाला कळवावे.
3. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर या सृष्टीच्या काळात, आपल्या वस्तीतील शाळा सुटलेल्या मुलांपैकी एकाला तरी आपल्यासोबत तलावावर न्यावे. शिकवायला नव्हे, त्याच्याकडून शिकायला.

घरी चिंतनासाठी : मी कोणाला ‘बिचारा’ म्हणून मदत करतो, पण विश्वासाने काहीच सोपवत नाही? चिमणीसुद्धा पित्याच्या नजरेतून सुटत नाही (मत्तय 10:29), तर तिची राखण करू शकणारा हा मुलगा माझ्या नजरेतून का सुटला?

प्रभू आपणा सर्वांना राखणीचा मान ओळखण्याची कृपा देवो.